पैसा आला की गेला?

‘आज शेअर बाजारातून पैसा बाहेर गेला’ असे वाक्य आपण वर्तमानपत्रात नेहमी वाचतो. वर्गात एखाद्याने विचारले, ‘सर, गेला म्हणजे कुठे गेला?’ तर आपली पंचाईत होते. शंभर शेअर विकले गेले, याचाच अर्थ कुणीतरी ते शंभर शेअर विकत घेतले. एकाने दिलेले पैसे दुसऱ्याला मिळाले. मग आवक-जावक मोजायची कशी?

यासाठी एक युक्ती आहे. सौदा आधीच्या सौद्यापेक्षा चढ्या भावाने झाला, तर घेणाऱ्याला घाई होती असे मानून त्याची रक्कम अधिक धरायची. भाव उतरला, तर घाई विकणाऱ्याला, रक्कम उणे. भाव तोच राहिला, तर आधीचेच चिन्ह पुढे चालवायचे.

फळ्यावर करून पाहू. शेअरचा भाव १०० रुपये आहे. मग २०० शेअर १०१ ला गेले: अधिक २०,२००. त्यानंतर ५०० शेअर १०० ला: उणे ५०,०००. आणखी ३०० शेअर १०० लाच: उणे ३०,०००. शेवटी १०० शेअर १०२ ला: अधिक १०,२००. बेरीज उणे ४९,६०० येते. भाव मात्र दोन रुपयांनी चढलेला! अशा वेळी जाणकार म्हणवणारे सांगतात, ‘भाव चढला तरी मोठे लोक विकत आहेत, तुम्हीही विका.’

इथेच आपण थांबायला हवे. कदाचित एखादा मोठा खरेदीदार १०० रुपयांना ८०० शेअर मागत शांतपणे बसला असेल. त्याचीच खरेदी आपण ‘जावक’ म्हणून लिहिली! चिन्ह घाईचे आहे, शहाणपणाचे नव्हे. चार्ल्स ली व मार्क रेडी या अमेरिकी अभ्यासकांनी १९९१ मध्ये यात सुधारणा सुचवली: सौद्याचा भाव त्या क्षणीच्या मागणीच्या व विक्रीच्या भावांच्या मध्याशीही ताडून पाहायचा. चुका कमी झाल्या, संपल्या नाहीत.

मनी फ्लो इंडेक्स याहून ढोबळ आहे. दिवसाचा उच्चांक, नीचांक व बंद भाव यांची सरासरी गुणिले शेअरसंख्या, असा हिशेब सहसा १४ दिवसांचा करतात. सूत्र अवघड छापलेले असते, पण सरासरी चढलेल्या दिवसांच्या रकमेचे एकूण रकमेशी शेकडा प्रमाण, इतकाच त्याचा अर्थ. ते ८० च्या वर गेले की ‘खरेदी अती झाली’ म्हणतात. पण तेजीत ते बरेच दिवस वरच राहू शकते.

एका गटापुरते विचारले, तर मात्र आवक-जावक खरीच असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशी गुंतवणूकदारांनी भारतीय शेअरांत खरेदीपेक्षा सुमारे ९४ हजार कोटी रुपयांची विक्री जास्त केली. यात अनुमान नाही, साधी वजाबाकी आहे. समोर खरेदीला मुख्यतः देशी संस्था होत्या. म्युच्युअल फंडांत दरमहा हप्ता भरणाऱ्या आपल्या शिक्षकबंधूंचा पैसाही त्यांत होता. तरीही निफ्टी त्या महिन्यात सुमारे सहा टक्के उतरला, कारण घेणारे होते, पण उतरत्या भावाला.