इंद्रावतीचा फुगवटा

गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीहून भामरागडला जाणारा रस्ता पेरमिली, ताडगाव, हेमलकसा घेत साग-बांबूच्या जंगलातून सुमारे ६५ किलोमीटर धावतो आणि गावाच्या तोंडाशी पर्लकोटा नदी ओलांडतो. इथला जुना ठेंगणा पूल बुडाला की भामरागड आणि पलीकडची माडिया आदिवासींची गावं जगापासून तुटत. नवल म्हणजे, पूल बुडे त्या दिवशी गावात पाऊस असेच असं नाही. पाऊस झालेला असे छत्तीसगडच्या बस्तरात.

पर्लकोटा आणि पामुलगौतम या दोन नद्या भामरागडजवळ इंद्रावतीला मिळतात. इंद्रावती ओडिशातल्या कालाहंडीत उगम पावते, बस्तर ओलांडून येते आणि सुमारे ५३५ किलोमीटरच्या प्रवासानंतर सिरोंचा तालुक्यात सोमनूरला गोदावरीत जाते. इंद्रावती चढली की या लहान नद्यांचा उतारच संपतो. काठावरून पाहिलं तर आधी फेस जागीच गोल फिरू लागतो. वाहत आलेली काटकी थांबते, आडवी होते आणि हळूहळू आली त्या दिशेला परत निघते. यालाच फुगवट्याचं पाणी म्हणतात.

असं मागे फिरणारं पाणी दुसरीकडेही आहे. अमेरिकेत मेन राज्यात मेरीमीटिंग नावाचा उपसागर आहे. केनेबेक, अँड्रोस्कॉगिन आणि चार लहान नद्या तिथे एकत्र येतात. भरती-ओहोटी रोजची, पण पाणी गोडं. तिथल्या चिखलात रानभात उगवतो आणि त्यावर स्थलांतरी बदकं पोसतात. तिथे पाणी मागे ढकलतो समुद्र, इथे ढकलते थोरली नदी. तिथलं वेळापत्रक चंद्राचं, आपलं पावसाचं.

या मागे फिरणाऱ्या पाण्याचं देणं मोठं आहे. ते संथ होतं, म्हणून गाळ खाली बसतो. बुडालेल्या गवतात माशांची पिल्लं वाढतात. पूर ओसरला की डोहांत मासळी उरते आणि उघड्या पडलेल्या मळईत गाळपेर होते.

या भागातल्या नद्यांना आपल्या तालावर नाचवायचे प्रयत्न जुने आहेत. आर्थर कॉटन यांच्या प्रेरणेने इंग्रजांनी गोदावरी-प्राणहितेतून बोटी चालवून कापूस समुद्राकडे न्यायची योजना आखली. वाटेतल्या खडकाळ अडथळ्यांपैकी तिसरा अहेरीजवळ देवलमरीला होता. खर्च वाढत गेला आणि १८७१ साली काम सोडून दिलं. २०१९ मध्ये सिरोंचाजवळ गोदावरीवर मेडीगड्डा बंधारा सुरू झाला. त्याच्या फुगवट्याने शेती बुडते, अशी काठच्या शेतकऱ्यांची तक्रार आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. नदीचा फुगवटा येतो आणि ओसरतो. माणसाने अडवलेलं पाणी ठाण मांडून बसतं, आणि ओसरण्यावर जगणारी मळई त्यात हरवते.

म्हणून इथे पूल बांधताना उंची पर्लकोटेच्या पुराने नव्हे, इंद्रावतीच्या पुराने ठरली पाहिजे. जगदलपूरकडे नदी चढली की निरोप त्याच घटकेला भामरागडला मिळाला पाहिजे. आलापल्लीचं वनवैभव नावाचं जुनं जंगल २०१४ साली जैवविविधता वारसास्थळ ठरलं. पाऊस जिरवून ओढ्यांना सावकाश सोडणारं तसं जुनं जंगल या नद्यांच्या साऱ्या खोऱ्यात टिकायला हवं. रस्ता, पूल आणि बंधारा आखणाऱ्यांनी आधी एक पावसाळा या संगमावर काढावा. पाणी कुठवर मागे येतं ते इथल्या माडियांना ठाऊक आहे. त्यांना विचारूनच रेघ मारावी.