कागद नाशिकरोडचा, कायदा दिल्लीचा

नाशिकरोडची इंडिया सिक्युरिटी प्रेस आम्ही लहानपणापासून बाहेरूनच पाहत आलो. पासपोर्ट, टपाल तिकिटे, मुद्रांक तिथे छापले जातात. दोन मोठ्या प्रकरणांशी या प्रेसचा संबंध आला. पहिले तेलगीचे. इथली भंगारात निघालेली छपाईयंत्रे मिळवून त्याने बनावट मुद्रांकांचा धंदा मांडला. त्याचा कागद खोटा होता. तो तुरुंगात गेला आणि २०१७ मध्ये शिक्षा भोगत असतानाच वारला. दुसरे प्रकरण निवडणूक रोख्यांचे. हा कागद अगदी अस्सल, सरकारी छापाचा. आज आम्हाला या अस्सल कागदाबद्दल लिहायचे आहे.

आपल्या बाजारात जुन्या लोकांना हुंडी ठाऊक आहे. लिहिणारा कोण, रक्कम कोणाला द्यायची, हे हुंडीवर स्पष्ट लिहिलेले असते. २ जानेवारी २०१८ ला जाहीर झालेल्या योजनेतल्या रोख्यावर ना देणाऱ्याचे नाव, ना घेणाऱ्याचे. किंमत १ हजारापासून १ कोटीपर्यंत. स्टेट बँकेतून घ्यायचा आणि १५ दिवसांत पक्षाच्या खात्यात जमा करायचा. आपण साधा डिमांड ड्राफ्ट काढला तरी कमिशन भरतो. इथे छपाई आणि बँकेचे कमिशन दोन्ही सरकारी तिजोरीतून, म्हणजे आपल्याच करातून गेले.

गंमत अशी की गुप्तता फक्त जनतेपुरती होती. रोख्यावर अतिनील प्रकाशाखाली दिसणारा क्रमांक छापलेला असे, हे २०१८ मध्येच एका पत्रकार बाईंनी प्रयोगशाळेतून तपासून दाखवले.

आता व्यापारी बांधवांनी एक गोष्ट नीट पाहावी. २०१७ च्या वित्त कायद्याने आपल्यावर काय आले? एका माणसाला एका दिवसात १० हजारांहून जास्त रोख दिली, तर तो खर्च प्राप्तिकरात धरायचा नाही. आधी ही मर्यादा २० हजार होती. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड. मालेगावच्या विणकराला सणाच्या तोंडावर रोख मजुरी देताना आम्ही तेव्हापासून दहादा विचार करतो. याच कायद्याने कंपन्यांसाठी काय केले? पूर्वी कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच पक्षांना देणगी देता येत होती आणि पक्षाचे नाव हिशेबात दाखवावे लागत होते. दोन्ही अटी गेल्या. तोट्यातली कंपनीही वाटेल तेवढे देऊ शकत होती. एकच कायदा, एकच वर्ष. आमची वही उघडली आणि त्यांची मिटली. रिझर्व्ह बँकेने आधीच हरकत घेतली होती, ती बाजूला ठेवली. विधेयक धनविधेयक म्हणून आणले, म्हणजे राज्यसभेला अडवता येऊ नये.

मग कोणी चोरी केली असे म्हणायचे कसे? मार्च २०१८ ते जानेवारी २०२४ या काळात १६,५१८ कोटींचे रोखे विकले गेले, सगळे कायद्याने. पुढे जी यादी बाहेर आली, ती एप्रिल २०१९ पासूनची. तीत सर्वांत मोठी खरेदीदार निघाली फ्युचर गेमिंग ही लॉटरीची कंपनी, १,३६८ कोटी. तिच्या जाहीर नफ्याच्या हे कितीतरी पट. घेणाऱ्यांत भाजप ६,०६० कोटी, तृणमूल १,६०९, काँग्रेस १,४२१. शिवसेनेलाही मिळाले, राष्ट्रवादीलाही. मार्क्सवादी पक्षाने घेतले नाहीत. तो तर कोर्टात गेला होता.

पक्ष कोणता हा प्रश्नच नाही, याचा आणखी एक दाखला गोव्याच्या सेसा कंपनीचा. सेसा आणि स्टरलाइट या वेदांता समूहाच्या कंपन्या. त्यांच्याकडून काँग्रेस व भाजप दोघांनी देणग्या घेतल्या, हा विदेशी पैसा ठरतो आणि कायदा मोडला आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये सांगितले. कारवाई करण्याऐवजी २०१६ मध्ये ‘विदेशी’ शब्दाची व्याख्याच बदलली, तीही २०१० पासून लागू. मग लक्षात आले की देणग्या त्याच्याही आधीच्या, म्हणून २०१८ मध्ये ती तारीख थेट १९७६ वर नेली. आम्ही जुन्या बिलावर तारीख मागे घातली तर त्याला काय म्हणतात, हे वाचकांना सांगायला नको.

१५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने योजना घटनाबाह्य ठरवली. साडेसात टक्क्यांची मर्यादा उठवणेही रद्द केले. स्टेट बँकेने माहिती द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली होती. कोर्टाने नाकारली आणि मार्चमध्येच नावे बाहेर आली. पण वटलेले पैसे पक्षांकडेच राहिले. विशेष चौकशी पथक नेमा, ही मागणी कोर्टाने २ ऑगस्ट २०२४ ला फेटाळली.

आता देणग्यांचा एक मोठा ओघ इलेक्टोरल ट्रस्टकडे वळला आहे. हा रस्ता २०१३ चा, काँग्रेस राजवटीतला. ट्रस्टला कोणी दिले ते कळते, ट्रस्टने कोणाला दिले तेही कळते. पण अनेकांचे पैसे एका हंड्यात गेल्यावर कोणाचा रुपया कोणत्या पक्षाला गेला हे कळेलच असे नाही. तेही कायदेशीर.

आमचे म्हणाल तर, गेल्या वर्षी ज्याच्याकडून आम्ही ग्रे कापड घेतले त्याने आपले विवरणपत्र वेळेवर भरले नाही, म्हणून आमचे ४१ हजारांचे जीएसटी क्रेडिट अडकले. बिल खरे, माल खरा, पैसे चेकने दिलेले. कागदपत्रांची फाईल घेऊन पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचे आहे.