संकेतस्थळांची सुरक्षा आणि दिव्यांगांचा प्रवेश

सावित्री नदीच्या काठी, मुंबई-गोवा महामार्गावर वसलेले महाड हे रायगड जिल्ह्यातील महत्त्वाचे औद्योगिक केंद्र आहे. बिरवाडीच्या परिसरातील औद्योगिक वसाहतीत रसायने व औषधी द्रव्ये तयार करणारे कारखाने आहेत आणि आसपासच्या गावांतील अनेक कुटुंबांचा चरितार्थ त्यांवर चालतो. शेजारचा पोलादपूर तालुका डोंगराळ असून कशेडी व आंबेनळी घाटांच्या पायथ्याशी विखुरलेला आहे. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण अलिबाग तेथून शंभर किलोमीटरांहून अधिक दूर आहे. अशा भागात उत्पन्नाचा दाखला, सातबाराचा उतारा, भविष्य निर्वाह निधीची नोंद किंवा तक्रार अर्ज या गोष्टी संगणकावर वा भ्रमणध्वनीवर होऊ लागल्या, ही मोठीच सोय झाली आहे.

ही सोय ज्यांना सर्वांत अधिक हवी, त्यांत दिव्यांग व्यक्तींचा क्रम वरचा लागतो. ज्याला दिसत नाही किंवा ज्याचे हातपाय साथ देत नाहीत, त्याला घाट उतरून कार्यालय गाठण्यापेक्षा घरून अर्ज करणे केव्हाही सुकर. परंतु नेमक्या अशाच अर्जदाराला अनेक संकेतस्थळांच्या उंबरठ्यावर थांबावे लागते. त्याला थांबविणारी गोष्ट म्हणजे ‘कॅप्चा’ या नावाने परिचित असलेली वेडीवाकडी अक्षरे.

पहारा कशासाठी?

संकेतस्थळांवर पहारा असणे आवश्यक आहे, यात शंका नाही. तक्रारीचा अर्ज सर्वांसाठी खुला ठेवला की माणसांबरोबरच स्वयंचलित आज्ञावल्याही तेथे पोहोचतात. ‘बॉट’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आज्ञावल्या अल्पावधीत हजारो खोटे अर्ज भरतात, जाहिराती व फसवे दुवे घुसवितात, परवलीचे शब्द शोधण्याचा प्रयत्न करतात. खऱ्या नागरिकाची तक्रार त्या ढिगाऱ्याखाली दबून जाते.

समोर माणूस आहे की यंत्र, हे ओळखण्याचा प्रश्न जुना आहे. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५० साली यंत्राच्या बुद्धीविषयीची प्रसिद्ध कसोटी मांडली. ‘कॅप्चा’ हे नाव त्याच कसोटीवरून घडविलेले असून अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी ते रूढ केले. माणसाला वाचता येईल, पण यंत्राला वाचता येणार नाही अशी अक्षरे दाखवावयाची, ही त्यामागील मूळ कल्पना होती.

अडचण नेमकी कोठे?

दृष्टिहीन व्यक्ती संगणक वापरते ती पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या ‘स्क्रीन रीडर’ या आज्ञावलीच्या साहाय्याने. ‘एनव्हीडीए’ हा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो आणि मराठी मजकूरही वाचू शकतो. परंतु कॅप्चातील अक्षरे मजकुराच्या रूपात नसून चित्राच्या रूपात असतात. यंत्राला ती वाचता येऊ नयेत हाच हेतू असल्याने स्क्रीन रीडरलाही ती वाचता येत नाहीत. यंत्राला अडविणारी भिंत अशा रीतीने माणसालाच अडविते.

यावर उपाय म्हणून आवाजी कॅप्चा पुढे आला. त्यात आकडे वा शब्द गोंगाटात मिसळून ऐकविले जातात. दृष्टिहीनांना त्याचा काही उपयोग होतो. पण हे उच्चार बहुधा इंग्रजीत असतात आणि गोंगाटामुळे नीट कळत नाहीत. ज्याला दिसतही नाही व ऐकूही येत नाही, त्याला तर दोन्ही मार्ग बंद. ज्यांच्या हाताला कंप आहे त्यांना लहान चौकटींवर नेमके बोट ठेवणे कठीण जाते. अध्ययन अक्षमता असणाऱ्यांना वाकडी अक्षरे वा गणिती कोडी उलगडत नाहीत. मोतीबिंदू झालेले वयोवृद्ध शेतकरीही याच अडचणीत सापडतात. रसायनांशी नित्य संबंध येणाऱ्या कामात डोळ्यांना इजा होण्याचा धोका असतो. म्हणून औद्योगिक वसाहतीच्या परिसरात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे.

या अडचणीची किंमत केवळ वेळेत मोजता येत नाही. कॅप्चा पार करता न आल्याने दृष्टिहीन कामगार आपल्या निधीच्या खात्याचा परवलीचा शब्द दुसऱ्याच्या हाती देतो, भ्रमणध्वनीवर आलेला संकेतांकही त्यालाच सांगतो. ज्या व्यवस्थेने त्याच्या पैशाचे रक्षण करावयाचे, तीच त्याला आपली गुपिते उघड करण्यास भाग पाडते.

तेवढे करूनही पहारा भक्कम राहतो असे नाही. अत्यंत वाकडी अक्षरेही आपली प्रणाली ९९.८ टक्के अचूकतेने वाचू शकते, असे गूगल कंपनीने २०१४ सालीच जाहीर केले होते. यंत्राला सुटणारे आणि माणसाला न सुटणारे कोडे दारावर लावून काय साधते, याचा विचार झाला पाहिजे.

कायदा काय सांगतो?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती होत्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य करण्यात आले. माहिती व दळणवळण तंत्रज्ञान दिव्यांगांना सुगम असावे, याची जबाबदारी या अधिनियमाच्या ४२ व्या कलमाने शासनावर टाकली आहे.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, सुगमतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे असू शकत नाहीत, ते बंधनकारकच असले पाहिजेत. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ रोजी ॲसिड हल्ल्यातून बचावलेल्या व्यक्तींच्या व एका दृष्टिहीन वकिलाच्या याचिकांवर निर्णय झाला. खाते उघडताना जिवंतपणाचा पुरावा म्हणून कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करण्याची अट होती. ज्यांच्या पापण्या ॲसिडने जळाल्या आहेत, त्यांनी ती पूर्ण कशी करावी? न्यायालयाने संगणकीय सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग मानला आणि वीस निर्देश दिले. उघडझापेऐवजी अन्य पर्याय देण्याचा निर्देश त्यांत आहे. कॅप्चाचा प्रश्न याच जातीचा आहे.

कोणते उपाय योजता येतील?

पहारा न हटविता वाट मोकळी करण्याचे अनेक मार्ग आज उपलब्ध आहेत.

पहिला मार्ग लपविलेल्या रकान्याचा. अर्जात एक रकाना असा ठेवतात की तो माणसाला दिसत नाही. यंत्र मात्र दिसेल तो रकाना भरत सुटते आणि पकडले जाते. येथे एक दक्षता आवश्यक आहे. हा रकाना स्क्रीन रीडरपासूनही लपलेला असला पाहिजे. अन्यथा दृष्टिहीन व्यक्ती तो भरील आणि तिचाच अर्ज फेटाळला जाईल.

दुसरा मार्ग वेळेचा. संपूर्ण अर्ज दोन सेकंदांत भरला गेला, तर तो माणसाने भरलेला नाही हे उघड आहे. मात्र सावकाश भरणाऱ्यावर बंधन नको. मुदत संपून अर्ज पुसला जाणे हा हाताच्या अपंगत्वावर अन्यायच ठरतो.

तिसरा मार्ग एका ठिकाणाहून येणाऱ्या अर्जांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा. आपले सरकार सेवा केंद्रातून दिवसभरात अनेकांचे अर्ज एकाच जोडणीवरून जातात, हे ध्यानात घेऊनच ही मर्यादा ठरवावी.

चौथा मार्ग भ्रमणध्वनीवर किंवा ई-मेलवर संकेतांक पाठविण्याचा. तो वापरण्यास पुरेसा अवधी असावा आणि नकल करून चिकटविण्यास मनाई नसावी. पोलादपूरच्या खोऱ्यांत संदेश उशिरा पोहोचू शकतो, याचाही विचार व्हावा.

पाचवा मार्ग तपासणीचा. संशयास्पद अर्ज थेट नाकारण्याऐवजी बाजूला ठेवून कर्मचाऱ्याने पाहिला, तर खरा नागरिक वंचित राहत नाही.

हे सर्व करूनही कोडे अपरिहार्य वाटल्यास ते एकाच इंद्रियावर अवलंबून नसावे. जागतिक स्तरावर मान्य असलेल्या सुगमता मार्गदर्शक तत्त्वांचा हाच दंडक आहे. आवाजी पर्याय स्पष्ट मराठीत असावा, तो पुन्हा ऐकता यावा आणि साहाय्यासाठी दूरध्वनी क्रमांक तेथेच दिलेला असावा.

स्थानिक पातळीवरील जबाबदारी

ग्रामपंचायत, शाळा किंवा पंचायत समिती आपले संकेतस्थळ तयार करवून घेते, तेव्हा सुगमतेची अट कामाच्या आदेशातच नमूद झाली पाहिजे. काम ताब्यात घेण्यापूर्वी दोन साध्या चाचण्या कोणालाही घेता येतील. माऊस बाजूला ठेवून केवळ कळफलकाने अर्ज पूर्ण भरता येतो का, ही पहिली. पडदा बंद ठेवून स्क्रीन रीडरच्या आधारे तो भरता येतो का, ही दुसरी. गावातील दिव्यांग व्यक्तींनाच या चाचणीसाठी पाचारण केले, तर अधिक उत्तम. शिक्षकांनीही आपल्या दिव्यांग विद्यार्थ्यांना ही साधने हाताळण्यास शिकवावीत.

महाडच्या भूमीला हा विचार नवीन नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदे मंडळात १९२३ साली संमत झाला. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही अस्पृश्य मानलेल्या समाजाला ते पाणी प्रत्यक्षात मिळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारोंनी तेथील पाणी प्राशन केले, तेव्हा कागदावरचा हक्क आचरणात आला. त्या संघर्षाची थोरवी वेगळीच आहे. परंतु ‘सर्वांसाठी खुले’ असे लिहिल्याने कोणतीही जागा खुली होत नाही, हा त्याचा बोध आजही लागू पडतो. शासनाच्या सेवा संगणकावर आल्या आहेत. महाड-पोलादपूरच्या दिव्यांग नागरिकाला आपला अर्ज स्वतःच्या हाताने, कोणाचीही मनधरणी न करता भरता येईल, तेव्हाच त्या खऱ्या अर्थाने सर्वांच्या झाल्या असे म्हणता येईल.