बंदिवासातील वैमानिक

वैमानिकाला मिळणारे पदक बहुधा त्याच्या आकाशातील पराक्रमाचे असते. ग्रुप कॅप्टन दिलीप कमलाकर परुळकर यांना लाभलेल्या दोन पदकांपैकी एक मात्र जमिनीवर, शत्रूच्या कैदेत दाखविलेल्या धैर्याचे आहे.

परुळकर मार्च १९६३ मध्ये भारतीय वायुसेनेत अधिकारी झाले. १९६५ च्या युद्धात त्यांच्या विमानावर मारा झाला आणि त्यांचा उजवा खांदा जखमी झाला. हवाई छत्रीच्या साहाय्याने उडी घेण्याचा सल्ला तुकडीच्या प्रमुखाने दिला असताही त्यांनी ते विमान तळावर परत आणले. या कामगिरीबद्दल त्यांना वायुसेना पदक देण्यात आले.

डिसेंबर १९७१ मध्ये त्यांचे सुखोई-७ विमान पाकिस्तानात पाडण्यात आले आणि ते रावळपिंडीच्या छावणीत युद्धकैदी झाले. युद्ध लवकरच संपले. कैद्यांची सुटका मात्र लांबत गेली. १९४९ च्या जिनीव्हा करारानुसार, पलायनाचा प्रयत्न फसलेल्या युद्धकैद्याला त्याबद्दल केवळ शिस्तभंगाची शिक्षा देता येते. परंतु छावणीबाहेर, साध्या वेषात सापडणाऱ्या परक्या माणसाला लोक हेर समजण्याचा धोका होताच. तो पत्करून परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या तिघांनी कोठडीची भिंत हळूहळू पोखरली व १२-१३ ऑगस्ट १९७२ च्या रात्री वादळी पावसात ते बाहेर पडले.

पेशावरमार्गे ते खैबर खिंडीतील लंडी कोतलला पोहोचले. अफगाण सीमा तेथून अवघ्या काही मैलांवर होती. नकाशात पुढे लंडी खाना हे रेल्वेस्थानक दिसत होते, म्हणून त्यांनी तेथे जाण्याचा मार्ग विचारला. ते स्थानक १९३२ सालीच बंद झाले होते! या एका प्रश्नाने संशय बळावला व तिघेही पकडले गेले. आपण पाकिस्तानी वायुसैनिक आहोत असे सांगून परुळकरांनी पाकिस्तानच्या वायुसेनाप्रमुखांचे स्वीय अधिकारी उस्मान हमीद यांना दूरध्वनी करण्याचा आग्रह धरला. हमीद पूर्वी त्यांच्याच छावणीचे प्रमुख होते. त्यांनी खरा प्रकार ओळखला आणि ही माणसे आपलीच असल्याची ग्वाही दिली. शत्रुपक्षातील एका अधिकाऱ्याच्या या सद्‌वर्तनामुळे मोठा अनर्थ टळला.

१ डिसेंबर १९७२ रोजी हे वैमानिक वाघा सीमेवरून मायदेशी परतले. सीमा गाठता आली नाही, तरी या प्रयत्नाचे नेतृत्व केल्याबद्दल परुळकरांना विशिष्ट सेवा पदक मिळाले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. विमान हातचे गेले तरी वैमानिकाचे कर्तव्य संपत नाही, हे त्यांनी आपल्या आचरणाने दाखवून दिले.