औषध जुनंच, डबा चरबीचा

आमटीवरचा तेलाचा तवंग कितीही ढवळा, पुन्हा वर येतोच. पण अंड्याच्या बलकात आणि सोयाबीनमध्ये सापडणारं लेसिथिन जरा दुटप्पी आहे. त्याच्या रेणूच्या डोक्याला पाणी हवंहवंसं, शेपटांना नकोसं. पाण्यात सोडलं की ते आपणहून पोकळ फुगे वळतं. १९६० च्या दशकात केंब्रिजजवळ ॲलेक बँगहॅम यांनी हे फुगे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांचं नाव पडलं लायपोसोम.

आत औषध भरायची कल्पना लगेच सुचली, पण बाजारात आधी पोचलं ते क्रीम! डिऑरचं ‘कॅप्चर’, १९८६. सौंदर्याला रांगेत उभं राहावं लागत नाही, हेच खरं.

कर्करोगावरचं डॉक्सोरुबिसिन लालभडक, म्हणून परदेशातले रुग्ण त्याला ‘लाल सैतान’ म्हणतात. ते हृदयालाही इजा करतं. १९९५ मध्ये ते फुग्यात बसून ‘डॉक्सिल’ झालं. आत त्याचे इतके घट्ट स्फटिक बनतात, की फुगा ताणला जाऊन कॉफीच्या बीसारखा दिसतो.

आपल्याकडे हा फुगा घरोघरी माहीत झाला तो २०२१ मध्ये, काळ्या बुरशीच्या साथीत. लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनच्या कुपीसाठी नातेवाइकांनी गावं पालथी घातली. साध्या ॲम्फोटेरिसिनने मूत्रपिंडं होरपळतात. फुग्यातलं त्यामानाने सोसवतं. कुपीत पिवळी पूड असते. त्यात इंजेक्शनचं पाणी घालून जोरजोरात हलवायचं आणि मग सलाइनमध्ये नाही, तर डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचं. मिठाच्या पाण्यात औषधाचा साका बसतो.

याच औषधाने बिहारात काळ्या आजारावर, म्हणजे काला-आजारावरही कमाल केली. जुन्या पद्धतीत दिवसाआड एक अशा पंधरा सुया, म्हणजे महिनाभर खाट अडलेली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फुग्यातल्या औषधाच्या एकाच डोसने जवळपास तितकेच रुग्ण बरे झाले, शंभरात सुमारे ९६. मजुरी बुडणाऱ्याला याची किंमत विचारा.

फायझर आणि मॉडर्नाच्या कोविड लशींतला एमआरएनएसुद्धा चरबीच्याच कणांत बसून आला. उघडा सोडला असता तर शरीरातल्या विकरांनी वाटेतच चट्टामट्टा केला असता. हे कण शिरेतून दिले की बहुतेक यकृतात जाऊन बसतात. म्हणून तर २०२५ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका बाळाच्या यकृतातलं बिघडलेलं जनुक दुरुस्त करायची अवजारं त्यांच्यातूनच पाठवली. मेंदूचा पत्ता मात्र त्यांना अजून नीट सापडलेला नाही.