वळवाला नुसतं ऊन पुरत नाही

एप्रिल-मेमध्ये रोजच्या बातम्यांत कमाल तापमान ठळक छापलं जातं आणि पारा ४४-४५ अंशांवर गेला की ‘आता वळीव येणारच’ असं लोक धरून चालतात. हे तेवढ्यावर ठरत असतं, तर चंद्रपूर, अकोल्याकडे उन्हाळाभर गडगडाट झाला असता. तिथे मात्र रखरखीत, निरभ्र दिवस ओळीने जातात आणि चाळिशीच्या आतबाहेर असलेल्या कोल्हापूर-सांगलीकडे दुपारनंतर ढग चढतात. वादळाचा अंदाज घ्यायचा तर पाऱ्याआधी हवेतलं बाष्प पाहायला हवं.

तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर चढते, पण कोरडी हवा दर किलोमीटरला जवळपास १० अंशांनी थंड होते. काही अंतरावर ती भोवतालच्या हवेइतकी गार झाली की तिचं चढणं संपतं. दमट हवेचं तसं नाही. तिच्यातल्या एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे ६०० कॅलरी उष्णता मोकळी होते. त्यामुळे ढगातली हवा भोवतालापेक्षा उबदार राहते आणि बारा-पंधरा किलोमीटर उंचीपर्यंत झेपावते. ढगाचं इंधन म्हणजे हे बाष्पच. ते अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरावरून येतं, आणि उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यापासून दक्षिणेकडे पसरणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यात वायव्येच्या कोरड्या वाऱ्यांशी त्याची गाठ पडते.

उन्हापेक्षा बाष्प महत्त्वाचं, याचा सर्वांत कठोर पुरावा म्हणजे २०१४ची गारपीट. फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रात गहू, हरभरा, द्राक्षं, डाळिंबं झोडपली गेली, तेव्हा कडक उन्हाळा अजून लागायचा होता. खाली समुद्रावरचं बाष्प होतं आणि वर थंड हवा होती. उलट मे महिन्यात गोठणबिंदूची पातळी आणखी उंच जाते, त्यामुळे पुष्कळ गारा वाटेतच विरघळतात.

यावर कोणी म्हणेल, उकडलं की पाऊस येतो हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे, तो खोटा कसा? तो खरा आहे, कारण घाम वाळत नाही असा उकाडा बाष्पामुळेच होतो. हवा ज्या तापमानाला थंड झाली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं, तो दवबिंदू; तो जितका जास्त, तितकं बाष्प जास्त. ४० अंश तापमान आणि १० अंश दवबिंदू असलेली दुपार भाजून काढते, पण ढग उभा करत नाही. ३६ अंश तापमान आणि २२ अंश दवबिंदू असेल, तर आकाशावर नजर ठेवावी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कोकणात सगळा उन्हाळा दमट असतो, मग मुंबईत रोज वादळ का होत नाही? समुद्रावरून येणाऱ्या दमट हवेचा थर पातळ असतो आणि त्यावर उष्ण, कोरड्या हवेचं झाकण बसलेलं असतं. झाकण फुटलं नाही तर खालचं बाष्प कितीही असो, ते वर जात नाही. झाकण फुटून जेव्हा उंच ढग उभा राहतो, तेव्हा त्यातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाळू लागतो, ती हवा गार आणि जड होऊन खाली आदळते व चहूकडे पसरते. वळवाआधी सुटणारा सोसाट्याचा वारा बहुतेक वेळा असाच जन्मतो. अशाच वाऱ्याने १३ मे २०२४ रोजी मुंबईत धुळीच्या वादळात घाटकोपरचं अजस्र होर्डिंग कोसळलं आणि १७ जणांचा जीव गेला. म्हणजे उन्हाची भूमिका नाकारायची नाही: ते हवेला पहिला धक्का देतं आणि ढगाखालची हवा कोरडी-तापलेली असेल तर वाऱ्याचा जोर वाढवतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. वेधशाळांत कोरड्या आणि ओल्या तापमापकांच्या नोंदींवरून दवबिंदू काढला जातोच. कमाल तापमानाशेजारी तोही रोज छापला जावा; दुपारी उघड्या शेतात राबणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग ४५च्या मथळ्यापेक्षा जास्त आहे.