गाव मोजण्याआधी : बालीतल्या जातिलुवीहची गोष्ट



पीएचडीची तयारी करणाऱ्या बहुतेकांच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास असतं : ‘अभ्यासासाठी अमुक तालुक्यातली दहा गावं निवडली जातील.’ हे वाक्य इतकं सवयीचं आहे की ते लिहिताना आपण एक मोठा निर्णय घेतोय, हे लक्षातच येत नाही. माझ्याही पहिल्या मसुद्यात ते होतं. गाइडनी समासात दोनच शब्द लिहिले : ‘गावच का?’ तेव्हा राग आला होता. उत्तर शोधता शोधता मी इंडोनेशियातल्या एका छोट्या शेतकरी गावापर्यंत पोचले. आज त्या गावाबद्दल सांगते.

गावाची ओळख

जातिलुवीह हे बाली बेटावरचं, तबानान जिल्ह्यातलं गाव. बातुकारू या ज्वालामुखी पर्वताच्या उतारावर, समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर. नावाचा अर्थ ढोबळमानाने ‘खरोखर सुंदर’. उतारावर पायऱ्यांसारखी भातखाचरं, वरून खाली येणारे पाट, आणि खाचरात लाल तांदळाचं स्थानिक, उशिरा तयार होणारं वाण. २०१२ मध्ये युनेस्कोने बालीतल्या भातशेतीच्या प्रदेशाला जागतिक वारसा यादीत घेतलं. जातिलुवीहची खाचरं त्यात येतात.

आता समजा, तुम्हाला या गावाचं प्रोफाइल लिहायचंय. लोकसंख्या, लागवडीखालचं क्षेत्र, पिकं, पाण्याचे स्रोत, उत्पन्न. तक्ता तयार. पण पहिल्याच रकान्यात तुम्ही अडकाल. गाव म्हणजे नक्की कोणतं?

एका जागी किती ‘गावं’?

बालीत ‘गाव’ या शब्दाखाली निदान चार वेगळ्या गोष्टी येतात.

१. देसा दिनास : सरकारी गाव. जनगणना, दाखले, सरकारी योजना सगळं याच्या हद्दीत.

२. देसा आदात : परंपरेचं गाव. गावाची देवळं, सण, अंत्यविधी, रीतिरिवाजाचे नियम याच्याकडे. सरकारी हद्द आणि ही हद्द जुळेलच असं नाही.

३. बान्जार : वाडी म्हणा हवं तर. शेजारपाजारच्या घरांचा गट. रोजच्या सामाजिक जगण्यात माणूस सगळ्यात आधी आपल्या बान्जारचा असतो.

४. सुबाक : एकाच पाण्यावर भिजणाऱ्या खाचरांच्या मालकांची संस्था. तिचा प्रमुख ‘पेकासेह’, तिचे नियम ‘आविग-आविग’. पाटदुरुस्तीला आला नाहीत तर दंड.

खरी मेख चौथ्या मुद्द्यात आहे. सुबाकचं सभासदत्व घर कुठे आहे यावरून ठरत नाही, शेताला कोणतं पाणी येतं यावरून ठरतं. एकाच घरातल्या माणसाची दोन ठिकाणी खाचरं असतील, तर तो दोन सुबाकांचा सभासद. उलट एका सुबाकात दोन-तीन गावांचे शेतकरीही असू शकतात. म्हणजे गावनिहाय यादी काढून घरोघर फिरलात, तर माणसं मिळतील, पण पाणी कसं वाटलं जातं हे कळणार नाही.

ही गोष्ट नवीन नाही. क्लिफर्ड गीर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने १९५९ मध्येच बालीतल्या खेड्यांवरच्या लेखात दाखवलं होतं की तिथलं गाव हा एक बंदिस्त गठ्ठा नसून एकमेकांवर पसरलेल्या, पण एकमेकांशी न जुळणाऱ्या थरांचा मेळ आहे.

युनिट चुकलं की काय होतं?

‘ठीक आहे, पण हा तर व्याख्येचा प्रश्न झाला,’ असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटलं होतं. पण व्याख्या चुकली की पीक जातं, हे बालीने १९७०च्या दशकात बघितलं.

आधी तिथली जुनी पद्धत समजून घेऊ. सुबाकांच्या वर पाण्याच्या देवळांची साखळी आहे. शेताच्या कडेला छोटं देवस्थान, मग सुबाकचं देऊळ, बंधाऱ्याचं देऊळ, अनेक सुबाकांचं मिळून मोठं देऊळ, आणि सगळ्यात वर बातुर सरोवराच्या देवीचं, देवी दानूचं. अनेक सुबाकांचे प्रतिनिधी देवळात जमतात आणि कोणी कधी लावणी करायची ते ठरवतात. आपल्या कालव्यावरच्या शेजपाळीसारखंच, फक्त इथे पाण्याबरोबर पिकाचीही पाळी ठरते.

हरितक्रांतीत नवीन, लवकर तयार होणारी वाणं आली. धोरण सरळ होतं : प्रत्येकाने वर्षात शक्य तितक्या वेळा भात घ्यावा. म्हणजे निर्णयाचं युनिट झालं एकेक शेत. देवळाचं वेळापत्रक मागे पडलं. काही वर्षांतच पाण्याची ओढाताण सुरू झाली आणि तुडतुडे, उंदीर यांनी पिकं खाल्ली.

असं का झालं? दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात खेचतात. सगळ्यांनी एकाच वेळी लावणी केली, तर कापणीनंतर मोठा पट्टा एकदम रिकामा होतो, किडीला खायला उरत नाही आणि ती मरते. पण सगळ्यांना पाणीही एकाच वेळी लागतं, ते पुरत नाही. उलट प्रत्येकाने वेगवेगळ्या वेळी लावणी केली, तर पाणी पुरतं, पण कीड या शेतातून त्या शेतात वर्षभर जगते.

इथे एक सुंदर गोष्ट आहे. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याला पाण्याची काळजी नसते, मग त्याने खालच्याचं का ऐकावं? कारण खालच्याने पाण्याअभावी वेगळं वेळापत्रक धरलं, तर तिथली कीड वर येणार. खालच्याला पाणी हवं, वरच्याला किडीपासून सुटका हवी. सहकार्य दोघांनाही परवडतं.

मॉडेलने काय दाखवलं

मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग आणि परिसंस्थांचे अभ्यासक जेम्स क्रेमर यांनी हे तपासायला संगणकावर मॉडेल बांधलं. त्यासाठी त्यांनी जातिलुवीह नाही, तर त्याच्या पूर्वेचं ओस आणि पेटानू या दोन नद्यांचं खोरं घेतलं. त्यात १७२ सुबाक. पाऊस, नदीचा प्रवाह, भाताची वाढ, किडीचा फैलाव हे सगळं मॉडेलमध्ये घातलं. मग विचारलं : लावणीचा निर्णय कोणत्या पातळीवर घेतला तर पीक सगळ्यात चांगलं?

प्रत्येक सुबाक स्वतंत्र, तर किडीने नुकसान. सगळं खोरं एकत्र, तर पाण्याचा तुटवडा. सगळ्यात चांगलं उत्पादन आलं मधल्या पातळीवर, म्हणजे जवळपास देवळांच्या गटांच्या पातळीवर. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. सुरुवातीला प्रत्येक सुबाकला कसंही वेळापत्रक दिलं आणि नियम एकच ठेवला : शेजाऱ्याचं पीक आपल्यापेक्षा चांगलं आलं तर पुढच्या वर्षी त्याची नक्कल करायची. काही फेऱ्यांतच खऱ्या देवळांच्या जाळ्यासारखे गट आपोआप तयार झाले.

लक्षात घ्या, या मॉडेलमध्ये गाव हे युनिट कुठेच नाही. त्यांनी डेटा गावनिहाय गोळा केला असता, तर हा पॅटर्न दिसलाच नसता.

मग तुम्ही काय करायचं?

याचा अर्थ गाव हे युनिट चूक, असा नाही. जातिलुवीहमध्ये पर्यटनाचा पैसा कुणाकडे जातो हा प्रश्न असेल, तर देसा दिनास आणि देसा आदात बघावेच लागतील, नुसता सुबाक पुरणार नाही. युनिट प्रश्नातून येतं, तक्त्यातून नाही. म्हणून सिनॉप्सिस लिहिण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा :

पहिला, मी जी प्रक्रिया अभासतेय, तिचा निर्णय प्रत्यक्षात कोण घेतं? दुसरा, तिचा परिणाम कुठपर्यंत पोचतो? तिसरा, माझा डेटा ज्या हद्दीत मिळतो, ती हद्द या दोन्हींशी जुळते का? जुळत नसेल तर तसं स्पष्ट लिहा आणि काय निसटेल तेही लिहा.

आपल्याकडचंच उदाहरण हवं असेल, तर पांझरा आणि मोसम नद्यांवरची फड पद्धत बघा. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे आणि एका फडात एकच पीक घ्यायचं. तिथेही सातबाऱ्यावरून पाण्याचा हिशेब लागत नाही, फड समजून घ्यावा लागतो.

माझ्या सिनॉप्सिसमधलं ते वाक्य शेवटी बदललं. ‘दहा गावं’ऐवजी ‘तीन पाट आणि त्यांवर भिजणारी शेतं’ आलं. गावं त्यात तशीही आली, पण आता ती का आली हे मला सांगता येतं.